घरगुती अडचण

त्या बाईला दुसऱ्याच्या घरात बसायची रीतच ठाऊक नव्हती. आली की सरळ उजवीकडच्या खुर्चीवर. ना "बसू का", ना "ही जागा कुणाची". पिशवी टेबलावर आपटायची, चष्मा नाकावर चढवायचा आणि जिजींच्या मुलाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सुरू व्हायचं, जणू तो कान कुणी तिच्या नावावर करून दिला होता.

परक्याला वाटेल, खुर्ची ती खुर्ची, तिच्यात काय एवढं. पण त्या घरात उजवी बाजू म्हणजे काय होतं ते घरातल्यांनाच माहीत. फौजीचा (सगळी गल्ली जिजींच्या मुलाला फौजीच म्हणायची, घरातसुद्धा तेच नाव पडलं होतं) डावा कान चोविसाव्या वर्षी तोफेनं नेला होता. डावीकडून घराला आग लागल्याचं सांगितलं तरी तो मान हलवून "हं, ठेव तिथं" म्हणायचा. तेव्हा ज्याला त्याच्याशी चार शब्द बोलायचे असतील त्यानं उजवीकडे बसायचं. आणि गेली बावीस वर्षं उजवीकडे जिजी बसत आल्या होत्या. जेवताना त्याच, पाहुण्यांत त्याच, फोटो काढतानाही त्याच. सून लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वाट्याला डावी बाजू आली, आणि ती पोर हातवारे करत संसार करायला शिकली. जिजींचं म्हणणं, त्यामुळे घरात भांडणं कमी झाली.

अशा घरात ही बाई येऊन उजवीकडे बसली.

ती लष्करी इस्पितळातली निवृत्त नर्स. कान गेला तेव्हा फौजी ज्या वॉर्डात पडून होता, तिथली. फौजी तिला सिस्टर म्हणायचा, म्हणून सगळेच सिस्टर म्हणायचे. पांढरे केस मानेपाशी कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चाल अशी, की मागून आता कुणीतरी "सावधान" ओरडणार आहे. फौजीनं इस्पितळाला आपले जुने कागद मागणारं पत्र लिहिलं होतं. पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं असतं. ही स्वतःच दारात उभी राहिली.

"ओळखलंस का रे?"

"सिस्टर!" म्हणत फौजी उठला तो टाचा जुळवून, छाती काढून. बावीस वर्षांत तो जिजींसाठी असा कधी उठला नव्हता. जिजींनी ते पाहिलं आणि मनात ठेवून दिलं. त्यांच्या मनात अशा गोष्टींना जागा भरपूर होती.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी तिची फेरी ठरलेली. काम तसं एकच, पण मोठं. फौजीच्या सेवामुक्तीच्या दाखल्यावर एक ओळ होती. कारण : स्वतःच्या विनंतीवरून, घरगुती अडचण. कानाचा उल्लेख कुठेच नाही. कागदाच्या हिशेबानं तो दोन्ही कान शाबूत घेऊन, आपल्या मर्जीनं, घरची आठवण आली म्हणून परतलेला माणूस. जुने सोबती भेटले की हसून म्हणायचे, "तू काय बाबा, आईचा लाडका." तो पण हसायचा. हसण्यावारी इतकी वर्षं निघाली होती, आणखीही निघाली असती. पण आता उजवा कानही दमायला लागला होता.

फौजीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. पंपाच्या, गिरणीच्या मोटारी दुरुस्त करायचं. मोटर चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आत काय बिघडलंय ते तो उघडायच्या आधी सांगायचा. त्याची सगळी कमाई आणि सगळी इज्जत त्या एका कानावर उभी होती. लष्कराच्या कानाच्या इस्पितळात डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशननं उरलेलं वाचेल, पण लवकर करायला हवं. मग दाखला पाहिला आणि म्हणाला, "कान सेवेत गेला असं यावर कुठं लिहिलंय? आम्हाला घेता येत नाही तुम्हाला." बाहेरच्या इस्पितळात तसलं ऑपरेशन होतच नव्हतं.

म्हणून फेरविचार मंडळाकडे अर्ज. म्हणून सिस्टर. म्हणून शनिवार.

"त्या तपासणीत काय केलंत हो तुम्ही त्याचं?" जिजींनी एकदा चहा पुढे करता करता विचारलं. कप त्यांनी मुद्दाम टवका उडालेला दिला होता.

"त्याला पाठमोरा उभा करायचा. एक कान बोटानं बंद. आपण सहा पावलं मागे उभं राहून हळूच एकेक शब्द म्हणायचा. ऐकू आला तर तो परत म्हणणार."

"हळूच म्हणजे?"

"म्हणजे कुजबुजून."

"पाठीमागून."

"समोरून म्हटलं तर पेशंट ओठ बघून ओळखतात, जिजी."

"बरं बाई. आमच्या वेळी डॉक्टर समोरून तपासायचे, आणि मोठ्यानं बोलायचे."

फौजी हसला. सिस्टरही हसली. दोघं एकदम हसली हेच जिजींना लागलं. सिस्टर हात धुवायला मागे गेली तसा जिजींनी तिच्या पिशवीतून तो तपासणीचा कागद ओढला. पिवळा पडलेला, खाली डॉक्टरची सही, आणि वरून खाली बारा शब्द. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती, पण अक्षराला अक्षर लावत वाचता यायचं. चमचा. खिडकी. बादली. दोरी. कंदील. प्रत्येकापुढे डाव्या कानाच्या रकान्यात फुली. भलता शब्द कुठे सापडतो का म्हणून त्यांनी यादी दोनदा चाळली. एका "उशी"पाशी त्या जरा थांबल्या, पण तेवढ्यावर काही सिद्ध होत नव्हतं.

"अहो जिजी, काय करताय?" सून दारात उभी होती.

"वाचतेय. वाचायला बंदी आहे?"

आता खरं सांगायचं तर जिजींचं या बाईशी वैर आजचं नव्हतं. तोंड पाहायच्या आधीपासूनचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी इस्पितळातून फौजीचं पत्र आलं होतं. एक पान. त्यात सिस्टरनी स्वेटर विणून दिला, सिस्टर म्हणतात लवकर बरा होशील, सिस्टर आहेत म्हणून काळजी करू नकोस. सिस्टर तीनदा. आई एकदा, आणि तीही पहिल्या ओळीत, जिथं कुणीही लिहितं. जिजींनी बोट ठेवून मोजलं होतं. मग चपला सरकवून त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेल्या. त्याचं अक्षर चांगलं, गल्लीची पत्रं तोच लिहायचा.

"लिही," जिजी म्हणाल्या. "साहेबांना. म्हणावं, आई अंथरुणाला खिळली आहे."

शिंप्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय झालंय तुम्हाला?"

"तू टाके घालतोस तेव्हा मी विचारते का काय शिवतोयस? लिही."

त्यांना मुलगा रजेवर यायला हवा होता, एवढंच. दहा-पंधरा दिवस. त्याला सांगायचं होतं की आई म्हणून एक बाई अजून या जगात आहे. त्यांना काय ठाऊक, वॉर्डातल्या माणसाला रजा मिळत नाही. कचेरीतल्या कारकुनानं फौजीपुढे एक छापील फॉर्म ठेवला, म्हणाला, आईला जिवंत बघायचं असेल तर हाच जवळचा रस्ता. त्यानं सही केली. कानाची मोठी तपासणी, ती मेडिकल बोर्डाची, अकरा दिवसांवर होती. तिच्यासाठी तो थांबलाच नाही. रजेसाठी पत्र गेलं आणि मुलगा कायमचा परत आला.

तो पेटी घेऊन येताना जिजींना लांबून दिसला. त्यांनी हातातला झाडू टाकला आणि जाऊन अंथरुणावर पडल्या. नऊ दिवस पडून राहिल्या. निरोगी माणसानं नऊ दिवस पडणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पण पाहिजे ते मिळालं होतं. आनंद झाला नव्हता असं त्या स्वतःशीसुद्धा कधी म्हणाल्या नाहीत. शिंपी पुढं वारला. पत्र कुठेतरी सरकारी कपाटात गेलं. विषय मिटला असं त्या धरून चालल्या होत्या.

सरकारी कपाटातून विषय उठतात. एका शनिवारी जाडजूड पाकीट आलं. फौजीच्या फाइलची नक्कल. सिस्टरनं एकेक पान उलटायला घेतलं, फौजी बाजूला मान पुढे काढून. एका पानाशी तिचं बोट थांबलं. तिनं ते पान पालथं घातलं.

"दुकानात कुणी आलंय बघ रे," ती म्हणाली.

कुणी आलं नव्हतं. पण फौजीला आताशा अशा बाबतीत दुसऱ्यावरच विश्वास ठेवावा लागे. तो उठून गेला. सिस्टरनं पान सुलटं केलं आणि जिजींकडे न बघता वाचायला लागली.

"'आई अंथरुणाला खिळली असून डॉक्टरांनी आशा सोडली आहे. एकुलत्या एका मुलाचे तोंड बघून डोळे मिटावे एवढीच इच्छा.' छान लिहिलंय."

"शिंप्यानं लिहिलंय."

"खाली अजून आहे. 'ताजा कलम. इस्पितळातल्या ज्या बाईने माझ्या मुलाला स्वेटर घातला तिला सांगावे की त्याला लहानपणापासून लोकर खाजते. दुसऱ्याच्या मुलांना नटवायची हौस असेल तर तिने आधी स्वतःचे लग्न जमवावे.'"

सिस्टरनं पान टेबलावर ठेवलं.

"आशा सोडलेल्या बाईत एवढा दम होता?" सिस्टर म्हणाली.

जिजींचे कान तापले. तेव्हा शिंपी म्हणाला होता, शेवटचं नको. त्यांनीच हट्टानं लिहून घेतलं होतं. मरणाच्या पत्रातसुद्धा टोमणा मारल्याशिवाय त्यांना राहवलं नव्हतं.

"लोकर खाजतेच त्याला," त्या म्हणाल्या. "आणि छातीत धडधडायचं माझ्या. मी आजारी होते."

"तसं मंडळापुढे म्हणालात तर प्रश्न मिटला. आई आजारी होती, मुलानं स्वतः विनंती केली, दाखल्यावर लिहिलंय ते बरोबर. कागद राहील तसाच. नुसती माझी तपासणी पुरत नाही, कारण तपासणी झाली तरी यानं स्वतःहून जायचं ठरवलं असं ते म्हणणार." सिस्टरनं चष्मा काढला. "पण बातमीच खोटी होती, उपचार चालू असलेल्या जवानाकडून खोट्या बातमीवर सही घेतली, असं तुमच्या तोंडून आलं, तर ती विनंतीच उरत नाही. मग कारण बदलावंच लागेल."

"तुम्ही सांगाल त्याला."

"नाही. ते तुमचं आहे. तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू."

तिनं ते पान जिजींपुढे सरकवलं. हा तिचा मोठेपणा जिजींना पत्रापेक्षा जास्त झोंबला. शिव्या दिल्या असत्या तर परत देता आल्या असत्या. आता त्यांना दिसायला लागलं पुढं काय होणार ते. ही बाई कान वाचवणारी, आणि जिजी कान घालवणारी. ही खुर्चीवर बसणार, आणि फौजी आयुष्यभर तिच्याकडे मान कलती करून ऐकत राहणार. खरं बोलायचं ते हिला जिंकवायला? त्यांनी मनाशी ठरवलं, आजारी होते म्हणजे होते. इतकी वर्षं होते ती आता का नसेन.

सुनावणीला तीन आठवडे होते. दुसऱ्या आठवड्यात धोबीखान्याच्या मालकाची मोटर परत आली. फौजीनंच चार दिवसांपूर्वी ती ठीक आहे म्हणून पाठवली होती. बेअरिंग घासून घासून अडकलं, मोटर जळाली, धुण्याचं मशीन मधेच बंद पडलं आणि इस्पितळांच्या चादरींचा ढीग भिजत पडला. धोबीखान्याचा मालक भला माणूस, पण त्या दिवशी भरचौकात ओरडला, "कानानं जमत नसेल तर सांगावं माणसानं! उघडून बघावं!" फौजीला ते सगळं ऐकू आलं. नेमकं तेवढं ऐकू आलं.

तो गेल्यावर फौजीनं बाकावरची दुसरी एक मोटर चालू केली. स्क्रूड्रायव्हर टेकवला. डोळे मिटले. जागा बदलली. परत मिटले. दारात जिजी भांडी पुसत उभ्या होत्या.

"जिजी, इकडे ये."

"काय रे?"

"हे धर. मूठ कानामागे लाव. हं, हाडावर. आत खरखर येते का सांग."

जिजींनी धरलं. त्यांना क्षणभर सुखच वाटलं, की बोलावलं ते आपल्याला, शनिवारची वाट नाही पाहिली. मग मुठीतून आवाज आला. चाळणीत खडे घोळवावेत तसा. खोटं सांगायला जागाच नव्हती इतका.

"येते."

"किती?"

"भरपूर येते, बाळा."

त्यानं मोटर बंद केली, हात पुसले, परत पुसले. "मला नाही येत," म्हणाला. जिजी आत गेल्या आणि पुसलेलीच भांडी पुसत बसल्या.

सुनावणीच्या दिवशी चौघं गेली. फौजी, जिजी, सून आणि सिस्टर. लांब खोली, लांब टेबल, पलीकडे तीन माणसं. मधे पांढऱ्या मिशांचे साहेब, एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला सगळं लिहून घेणारे गृहस्थ. अलीकडे ओळीनं खुर्च्या. सिस्टर उजवीकडे बसली, फौजी तिच्याशेजारी, सून त्याच्या पलीकडे, आणि जिजींना मिळालं ते टोक. मरो. जिजींनी हातरुमाल मुठीत आवळला.

सिस्टरचं सांगणं झालं. तपासणी कधी, कुणी, कशी. तिनं ते पाढे म्हणावेत तसं सांगितलं. डॉक्टरबाईंनी कागद प्रकाशात धरून पाहिला, वॉर्डाच्या रजिस्टरशी तारीख आणि सही जुळते म्हणाल्या. मग साहेबांनी फाइलीतलं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचलं, ताजा कलमासकट. "स्वतःचे लग्न जमवावे" आलं तशी डॉक्टरबाईंनी रजिस्टर तोंडापुढे धरलं. फौजी मात्र हसला नाही. त्यानं हे पत्र कधी पाहिलंच नव्हतं. तो वळून आईकडे बघायला लागला.

"आजी, पत्र तुमचं?"

"सही माझी. अक्षर शिंप्याचं."

"तेव्हा तुम्ही आजारी होता?"

जिजींनी तोंड उघडलं. होते, हा शब्द जिभेवर तयार होता, तीन आठवडे घोटून ठेवलेला. समोर फौजी तळहात कानामागे धरून, पुढं वाकून, एक शब्द निसटू नये म्हणून धडपडत होता. सभेत माणूस असा बसलेला पाहवत नाही, आणि तो तर त्यांच्या पोटचा.

"नव्हते," त्या म्हणाल्या. पण ते इतकं हळू, की टेबलापर्यंत जेमतेम पोचलं.

"काय म्हणाली?" फौजीनं विचारलं. जिजींना नाही. वळून सिस्टरला विचारलं. आणि सिस्टरनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

ते मात्र जिजींना सहन होण्यातलं नव्हतं.

"तुम्ही गप्प बसा!" खुर्ची मागे ढकलून त्या उठल्या, सुनेचे पाय तुडवत पलीकडे गेल्या, सिस्टर आणि फौजीच्या मधे घुसल्या आणि त्याच्या कानात ओरडल्या. "नव्हते मी आजारी! ठणठणीत होते! तुझ्या पत्रात हिचं नाव तीनदा आलं आणि माझं एकदा, म्हणून बोलावलं तुला! नऊ दिवस सोंग केलं! ऐकू आलं?"

ऐकू सगळ्या इमारतीला आलं. लिहिणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "तीनदा, असं लिहू का?"

"लिहा," जिजी म्हणाल्या. "मोजलंय मी."

फौजीचा हात कानामागे होता तो तसाच राहिला. त्याच्याकडे बघवेना म्हणून जिजी सिस्टरकडे वळल्या, आणि वळल्यावर तीन महिने डोक्यात वळवळणारी गोष्ट तोंडातून गेली.

"माझं झालं सांगून. आता हिला विचारा. तो तपासणीचा कागद इस्पितळाचा ना? मग तो इस्पितळाच्या फाइलीत का नव्हता? हिच्या पिशवीत कसा आला?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सिस्टर?"

सिस्टर उभी राहिली. आता मागून कुणी सावधान म्हणेल असं वाटत नव्हतं तिच्याकडे बघून.

"पत्र माझ्या हातात आलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या दोन ओळी मलाच होत्या, म्हणून कारकुनानं दाखवलं, गंमत म्हणून. हा गेल्यावर वॉर्डात आठवडाभर हसत होते सगळे. मला तेव्हाच कळलं, ही बाई आजारी नाही. मी साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, जा आईकडे. कागद फाइलीला लावायचं कामही माझंच होतं. रागानं ठेवून दिला. मग लावायची लाज वाटली. मग लाज वाटण्यातच वर्षं गेली."

"बावीस," जिजी म्हणाल्या.

"आजी, बसा," साहेब म्हणाले.

तासभर सगळ्यांना बाहेर बसवलं. मग आत बोलावलं, आणि साहेबांनी उभं राहून, फौजीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात निकाल वाचला. विनंती खोट्या बातमीवर घेतलेली, तीही उपचार चालू असताना, म्हणून ती धरता येत नाही. "घरगुती अडचण" हे शब्द रद्द. त्या जागी, सेवेत असताना कानाला झालेली इजा. नवा दाखला टपालानं येईल. तोवर शिक्क्याची ही नक्कल इस्पितळात चालेल.

फौजीनं नक्कल दोनदा वाचली. तिसऱ्यांदा त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवलं. साहेबांना सलाम केला, तसा सलाम जिजींनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी डोळे पुसायला मुठीतला रुमाल उलगडला, तर तो पार चोळामोळा झालेला.

बाहेर बाकापाशी आल्यावर तो थांबला.

"नऊ दिवस मी तुझे पाय चेपले, जिजी."

"दुखत होते," जिजी म्हणाल्या. "पडून पडून."

कुणी हसलं नाही.

"आणि सिस्टर, तुम्ही. इतके शनिवार आलात. माझा चहा प्यायलात. फॉर्म भरलेत. एकदा तरी म्हणायचं होतंत."

फौजीनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बायकोकडे वळला.

"चल. आधी इस्पितळात जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊ."

"अहो, आणि या दोघी?"

"बसू देत. सवय आहे त्यांना, वाट बघायला लावायची. आज बघू देत."

ती दोघं निघाली. वळणापाशी सुनेनं त्याला काहीतरी सांगितलं. काय ते इतक्या लांबून कळलं नाही, पण फौजी हसला, मोकळा, मान मागे टाकून. जिजींनी मान लांब केली. बाजूला सिस्टरनंही केली. वळणावरून दोघं दिसेनाशी झाली तरी दोघी तिकडेच बघत होत्या.

"काय म्हणाली असेल?" सिस्टरनं विचारलं.

"मला काय माहीत. मला कधी हसवता आला नाही तो असा."

एक शिपाई फाइलींचा गठ्ठा घेऊन गेला. समोरचं दार बंद झालं. सिस्टर बाकाच्या कडेला टेकली. रडत नव्हती, पण रडली असती तर जिजींना सोपं गेलं असतं.

"बोला ना काहीतरी, जिजी. ओरडा तरी. आत ओरडलात तशा."

"ओरडून झालं माझं." जिजी पण बसल्या, मधे एका माणसाची जागा सोडून. "आता सरळ सांगते, ते ऐकून घ्या. त्या दोन ओळी मी लिहिल्या नसत्या तर तुम्ही तोंड उघडलं असतंत, आणि तुम्ही तोंड उघडलं असतंत तर माझ्या पोराचा दुसरा कान वेळेवर डॉक्टरच्या हाती लागला असता. मी खोटं बोलले, तुम्ही खरं दाबलंत, आणि दोघींनी वर त्याच्यावर माया केली. घरी यायचं असेल तर या, तो बोलवेल तेव्हा. पण देवीसारख्या येऊ नका, कारण तुम्ही देवी नाही. तुम्ही हुबेहूब माझ्यासारख्या आहात, सिस्टर. माझ्यासारखी दुसरी बाई मी आजवर पाहिली नव्हती. आज पाहिली, आणि मला ती जराही आवडली नाही."